एक हात आणि सात पेरं

आई, आज दुपारी शाळेचं दप्तर बांधून ठेवलं. हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, तीन नकाशे, एक पृथ्वीगोल, खडूंचे साडेचार डबे. आमचे मोठे सर म्हणाले, "मॅडम, अर्ध्या डब्याची नोंद कायले करता?" मी तरी केली. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. चूल विझली का ते पाहायला मी तेव्हाही अर्ध्या वाटेवरून परत फिरायची, आणि तू पानमळ्याच्या रस्त्यावर उभी राहून म्हणायचीस, "जाय व, पाहून ये एकडाव. पाह्यल्याबिगर तुह्या जिवाले चैन नाई." उद्या ट्रॅक्टर येईल आणि हे सगळं सामान नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत जाईल. सामान जाईल हे नक्की. पोरं जातील का, ते सांगता येत नाही.

तू माझी ही शाळा पाहिली नाहीस. जळगाव जामोदहून बसनं निघालं की सातपुडा उजव्या हाताला जवळ जवळ येत जातो, फाट्यावर उतरून मग पायी जायचं. पन्नास-साठ घरांची वस्ती. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. मी इथं आले त्याला सहा वर्षं झाली. माघात तालुक्याहून पत्र आलं की ज्या शाळेचा पट वीसच्या खाली असेल, ती जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायची. आमचा पट एकोणीस भरला. अकरा मुली, आठ मुलगे. नाला ओलांडून तिकडे जायला लहान पोराला पाऊण तास लागतो, आणि पावसाळ्यात नाल्याचा काही भरवसा नसतो. मी अकराही मुलींच्या घरी जाऊन आले. सात घरांतून एकच उत्तर आलं. कोणी हसून दिलं, कोणी मान खाली घालून दिलं, पण एकच. "पोरीले नाल्यापल्याड नाई धाडत, मॅडम. घरी लहान भावाले सांभाळीन ते." सात मुली, आई. वीस असते तर या सात मुली जूनमध्ये पुन्हा माझ्यासमोर बसल्या असत्या.

त्या एका आकड्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण आकडा म्हणजे काय हे मला तू शिकवलंस, शाळेनं नाही. हे मी पुस्तकी भाषेत लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अशी मास्तरनीवानी काऊन लिहून राह्यली?" पण लिहिताना मला हीच भाषा येते. ऐकू मात्र तुझी येते.

मांडीचं हाड मोडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. ते नीट जुळलं नाही म्हणून पुन्हा बांधलं, आणि दोन वर्षं मी शाळेत गेले नाही. बाबा ट्रकवर, महिन्यातून एखाद्या वेळी घरी. मला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तू मला कडेवर घेऊन मळ्यात न्यायचीस. मी आता डोळे मिटले की तो मळा दिसतो. आत गेलं की ऊन हिरवं होतं. शेवग्यावर आणि पांगाऱ्यावर चढवलेल्या वेली, पायाखाली ओली माती, आणि ओल्या गोणपाटावर तू पानं लावत बसलेली आहेस. उजव्या हातानं एक एक पान चळतीवर ठेवतेस आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालतो. करंगळीच्या खालच्या पेरापासून वर, मग पुढचं बोट, मग त्याच्या पुढचं. चार बोटं, तीन तीन पेरं. बारा झाली की एक चिंचोका मांडीवर. मांडीवर पाच चिंचोके जमले की साठ पानांची एक गड्डी झाली, ती केळीच्या सोपात, खांबाच्या सालीत, बांधायची. आमच्या त्या मळ्यात गड्डी साठचीच बांधत.

मी विचारलं होतं, "आई, शंभरची काऊन नाई बांधत?" तू पान ठेवायचं थांबवलं नाहीस. म्हणालीस, "शंभर पानं तिघायले वाटून दाखव बरं." मी बराच वेळ वाटत बसले. एक पान उरलं. "आता साठ वाट. दोघायले वाट, तिघायले वाट, चौघायले, पाचायले, सहायले. कोनाच्या हातात कमीजास्त येते का?" नाही आलं. मी सहा वर्षांची होते आणि मला वाटलं, साठ ही फार भली संख्या आहे, ती कोणालाही नाराज करत नाही. शंभर मला तेव्हापासून जरा आखडू वाटतो.

मग तू मला लिहायला शिकवलंस. तू स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. अंक तुला येत होते, पण मळ्यात तू मोजायचीस हातानं, म्हणून लिहायचीसही हातानंच. ओल्या मातीत काडीनं दोन घरं काढायचीस. उजवं घर पेरांचं, डावं घर हातांचं. बारा पेरं म्हणजे एक हात. एक हात आणि काही नाही, तर १ आणि त्याच्यापुढं ०, म्हणजे बारा. पाच हात, तर ५ आणि ०, म्हणजे साठ. अडचण आली ती दहाची आणि अकराची. उजव्या घरात एकच खूण मावायची, आणि दहा-अकरा लिहायला तर दोन खुणा लागतात. तू काडी धरून थोडा वेळ बसलीस. मग दहासाठी एक पान काढलंस, आणि अकरासाठी देठासकट पान. "हे दहा. हे अकरा. आता झालं." मला ते इतकं साधं वाटलं की हे सगळ्या जगाला येत असणार असं मी धरून चालले.

सातव्या वर्षी शाळेत बसले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यासमोर उभं करून सांगितलं, "साठ लिही." मी ५० लिहिलं. पोरं हसली. "पुन्हा लिही." मी पुन्हा ५० लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात, कारण मला वाटलं गुरुजींना दिसलं नसेल. मग त्यांनी माझी वही पाहिली. वहीत ठिकठिकाणी पानं होती. "हे काय हे? गनिताच्या वहीत झाडपाला? बकऱ्या चाराच्या हाये का?" वर्गात इतका हशा झाला की शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली. छडी हातावर नाही बसली, टेबलावर बसली, पण मला ती हातावर बसल्यासारखी आठवते. घरी येऊन मी तुला सांगितलं नाही. मी वही चुलीत घालायला निघाले होते, तेव्हा तुला कळलं.

दुसऱ्या दिवशी तू मळ्यातून तशीच आलीस. पायाला चिखल, बोटं पानांच्या रसानं काळी-हिरवी, पदर खोचलेला. वर्गाच्या दारात उभी राहिलीस. आत आली नाहीस. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं.

"गुरुजी, पोरीनं चुकवलं नाई."

"बाई, साठले पन्नास लिहिते ते. चुकवलं नाई त काय?"

"तिचं मोजनं बरोबर हाये. मोजून घ्या तुमी. ते बाराचा हात धरते, म्हनून पाच हात लिहिते. अन ते झाडपाला नाई, ते दहा हाये."

गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी वही पुन्हा हातात घेतली, एक पान उलटलं, दोन उलटली. मला दिसत होतं की त्यांचा अंगठाही करंगळीवर गेला आहे. मग म्हणाले, "बाई, तुमचं डोकं चालते, मी नाई म्हनत नाई. पन पेपर तपासनाऱ्याच्या हाताले बाराचा हिशोब नाई येत. परीक्षा हिलेच द्याची हाये."

परत जाताना तू मला सोबत घेतलंस, अर्धी सुट्टी मागून. मळ्याच्या कुंपणाशी आल्यावर म्हणालीस, "गुरुजी बरोबर बोल्ले. बारा वाटाले चांगलं. पन दहाचं एक हाये, ते सगळ्यायले येते. दुकानात गेलं, बसमंधी गेलं, दवाखान्यात गेलं, कोनाले समजावून सांगा लागत नाई. तेवढं एकच, पन लय मोठं हाये ते. तू दहानंच लिहित जाय आता." आणि तू पेरांवर मोजत राहिलीस, मी दहानं लिहीत राहिले. तुझं ते वाक्य मी नंतर अध्यापक विद्यालयात उत्तरपत्रिकेत लिहिलं, दशमान पद्धतीचे फायदे या प्रश्नाखाली, नीट भाषेत करून. त्याला पूर्ण गुण मिळाले. तुझं नाव लिहायला तिथं जागा नव्हती.

मी नववीत असताना तू गेलीस. कावीळ उतरली नाही. शेवटच्या दोन दिवसांत दवाखान्यातल्या खाटेवर तुझा अंगठा चादरीवर चालत होता, करंगळीपासून वर. मी विचारलं, "आई, काय मोजून राह्यली?" तू म्हणालीस, "काई नाई व, सवय हाये." मी अजूनही कधी कधी विचार करते की खरंच काही नव्हतं का. मी दोनदा का नाही विचारलं. मला सगळं दोनदा पाहायची सवय आहे, तेवढंच एक दोनदा विचारलं नाही.

अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षी बाईंनी फळ्यावर वेगवेगळ्या पायांच्या, म्हणजे दहाऐवजी पाच, आठ, बारा असे गट धरून लिहायच्या, संख्या लिहिल्या. म्हणाल्या, दहापेक्षा मोठा पाया घेतला की अंक कमी पडतात, मग दहासाठी आणि अकरासाठी नवी चिन्हं लागतात, बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षरं वापरतात. मी मागच्या बाकावर बसले होते. मला तुझी काडी दिसली, ओली माती दिसली. तू जे केलं होतंस त्याला नाव होतं, आई. ते मोठ्या पुस्तकात होतं. आणि तू जाऊन तोवर चार वर्षं झाली होती. त्या दिवसापासून मी हा विषय जमेल तसा वाचत आले. तुला सांगायच्या गोष्टी साठत गेल्या. त्यातली एक तुझ्या विरुद्ध जाते, तीही सांगते. एकाचा तिसरा भाग दहाच्या पद्धतीत लिहायला बसलं तर शून्याच्या पुढं तीन, तीन, तीन, संपतच नाही. बाराच्या पद्धतीत तो चार पेरं, की संपला. इथं तू जिंकतेस. पण एकाचा पाचवा भाग दहात चटकन संपतो आणि बारात कधीच संपत नाही. मी करून पाहिलं, पानभर करून पाहिलं. पाचाची गोष्ट आली की तुझ्या पेरांना उत्तर नाही. म्हणून तर तू पाच चिंचोके वेगळे ठेवायचीस, हे मला फार उशिरा कळलं. बारात जे नव्हतं ते तू बाहेरून आणून साठ केलं होतंस. घड्याळवाल्यांनीही तेच केलं असावं.

मी हे माझ्या पोरांना शिकवते. शिकवत होते. वस्तीतली एक म्हातारी आजी बकऱ्या विसाविसानं मोजते, "दोन ईसा अन तीन," ती एकदा वर्गाच्या ओट्यावर येऊन बसली आणि पोरांनी तिला विचारलं, आजी, वीसच काऊन? तिनं पाय पुढं केले आणि म्हणाली, "हे कोनाचे हायेत मंग? शेजारनीचे?" पोरं लोळली हसून. मी म्हटलं, बघा, बसून मोजणाऱ्याला वीस सोयीचे, पाय समोरच असतात. आणि चालता चालता, एका हातात काम धरून मोजायचं असेल तर बारा सोयीचे, अंगठा जागीच फिरतो. दोनाच्या पद्धतीचा, दगडांचा खेळही घेते. एक, दोन, चार, आठ, सोळा, अशा वजनांचे पाचच दगड असले तर तराजूत एकपासून एकतीसपर्यंत काहीही तोलता येतं, कारण प्रत्येक दगडाला एवढंच विचारायचं, तू पारड्यात आहेस की नाहीस. हो किंवा नाही, तिसरं काही नाही. कॉम्प्युटर यावरच चालतो. लिहायला ही पद्धत फार लांबलचक, माणसाचा जीव कंटाळतो, पण ज्याला दोनच गोष्टी कळतात त्याच्याकडून चूक होत नाही. पाच पोरांची रांग लावायची, एकेक पोर म्हणजे एकेक दगड, उभा असला तर धरायचा, बसला तर सोडायचा. पोरांना हा खेळ इतका आवडतो की मधल्या सुट्टीतही रांग लावतात.

पत्र आल्यावरच्या आठवड्यात, मला माहीत नाही काय सुचलं, मी फळ्यावर आमचा पट लिहिला. १९. म्हटलं, याला सगळ्या प्रकारे लिहू. पोरांना सगळं ठाऊक होतं. वस्तीत काही लपत नाही. पाच जणांच्या रांगेत एक उभा, दोन बसलेले, दोन उभे. सोळा, दोन आणि एक, झाले एकोणीस. आजीच्या पद्धतीत अजून एक ईसाही भरत नाही. मग मी दुसऱ्या ओळीत लिहिलं, एक हात आणि सात पेरं. चौथीतला एक पोरगा, तोंडाळ आहे, उठून उभा राहिला. "मॅडम, बारा पेरं मोजनाऱ्यायचं राज्य असतं त त्यायनं वीसवर लाइन कायले मारली असती?"

मी म्हटलं, "नसती मारली. त्यांना वीस म्हणजे एक हात आणि आठ पेरं. असल्या अधल्यामधल्या आकड्यावर कोणी रेघ ओढत नाही. त्यांनी पुऱ्या हातावर ओढली असती."

"म्हंजे बारावर?"

"हो."

"मंग त आपन लय हाओत!" तो सगळ्यांकडे वळला. "चला बे, बारावाल्यायच्या गावात जाऊ. तिकडं शाळा बंद नाई करत." वर्ग हसला, मीही हसले. दुसरीतल्या एका मुलीनं खरंच विचारलं, "मॅडम, तेथं बस जाते का?" मी फळा पुसायला वळले. मी त्यांना हे सांगितलं नाही की पुरा हात एकच नसतो. त्यांनी दोन हातांवर, चोवीसवर रेघ ओढली असती, तर आमची शाळा दोन वर्षांपूर्वीच गेली असती. आणि हेही नाही सांगितलं की आकडा कुठल्याही पायात लिहा, एकोणीसचे समान गट पडत नाहीत. ते दोघांत वाटता येत नाहीत, तिघांत नाही, कोणातच नाही. लिहिण्याची पद्धत बदलते, पोरं तेवढीच राहतात. हे मला शिकवायचंच होतं, ते माझ्या पाठ्यक्रमातच होतं. मी फक्त त्या दिवशी शिकवलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. आमचा पट वीसच होता. दिवाळीनंतर तिसरीतली एक मुलगी आईबापांसोबत वीटभट्टीवर गेली, दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. दरवर्षी जाते, पावसाळ्याआधी परत येते. हुशार आहे. पेरांवर मोजताना तिचा अंगठा पाहत राहावं असा चालतो. तिच्या नावापुढं मी रोज गैरहजेरी मांडत होते, रोज, आणि रोज मला वाटत होतं की हा कागद खोटं बोलतो आहे. मुलगी इथं नाही आणि कागद म्हणतो ती इथली आहे. पौषात मी सरांना म्हटलं, तिचं नाव पटावरून कमी करू या. सर चहा पीत होते. म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. भट्टीवाले येतात परत."

"पण सर, तपासणी झाली तर? अडीच महिने पोर नाही."

"तुमी लय घाबरता हो. बरं, तुमाले पटते तसं करा."

मी तिचं नाव कमी केलं. लाल शाईनं, पट्टी धरून, सरळ रेघ. शेरा लिहिला. त्या रात्री मला छान झोप लागली. दोन आठवड्यांनी पत्र आलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. पत्रासोबत आलेला पटसंख्येचा तक्ता भरायला माझ्याकडेच दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. पेन हातात दिल्यावर ते हळूच म्हणाले, "मॅडम, वीस भरायचे का? पोरगी आपलीच हाये." मी म्हटलं, "सर, रजिस्टरात एकोणीस आहेत." आणि एकोणीस भरले.

फाल्गुनात केंद्रप्रमुख आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, कामासाठी बाहेर गेलेल्यांच्या लेकरांचं नाव कमी करायचं नसतं, ती कुठं गेली तेवढी नोंद करून नाव तसंच ठेवायचं असतं. त्यांनी सहज सांगितलं, दुसऱ्याच कुठल्या शाळेबद्दल. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि बराच वेळ कप धूत राहिले. म्हणजे कागद खोटं बोलत नव्हता, आई. कागद बरोबर होता. मोजणंही बरोबर होतं. मी विचारलं नव्हतं. एक फोन करून विचारायचं होतं. तू चिखलाच्या पायानं वर्गाच्या दारात उभी राहिलीस आणि गुरुजींना म्हणालीस, मोजून घ्या तुमी. मी शिकलेली, मी मास्तरीण, मी कोणाच्याही दारात गेले नाही. आणि आता गेले, तालुक्याला दोनदा, अर्ज घेऊन, तर तिथले साहेब चांगलं बोलले. म्हणाले, तक्ता वर गेला, आता आमच्या हातात नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटत होतं कोणीतरी माझ्यावर ओरडावं.

शिमग्याच्या आधी ती मुलगी परत आली. बापाच्या पायावर विटा पडल्या म्हणून लवकर आले. मी तिचं नाव पुन्हा दाखल केलं, त्याच दिवशी, खाली नव्या ओळीत. पट वीस झाला. आदेश तोवर निघाला होता. गेला दीड महिना मी रोज सकाळी हजेरी घेते आणि वीस जण "हजर मॅडम" म्हणतात. वीसच्या वीस. एवढी पूर्ण हजेरी या शाळेनं माझ्या काळात कधी पाहिली नाही. जणू पोरांनी आपसात ठरवलं होतं की आता कोणी घरी राहायचं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे मला माहीत आहे. दप्तरात ठेवणार नाही, नाहीतर त्याचीही नोंद करावी लागेल. पण आज झालेलं एक राहिलं. दुपारी पेट्यांना दोर बांधत होते तेव्हा त्या मुलीची आई आली, पोरीचा दाखला घ्यायला. दाखला दिला. ती गेली नाही, दाराशी घोटाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? लोकं बोलून राह्यले. माह्या पोरीच्या पायी त शाळा बंद नाई ना झाली? आमी नसतो गेलो त वीस झाले असते म्हनतात."

मी म्हटलं, "नाही हो ताई. ते वरूनच ठरलं होतं. तुमच्यामुळं काही झालं नाही."

"खरं ना मॅडम?"

"खरं."

तिचा चेहरा असा मोकळा झाला, आई. "मंग बरं झालं बाप्पा. लय घोर लागला होता जिवाले." दाखल्याची घडी करून तिनं पोलक्यात ठेवली आणि गेली. मी तिला सगळंच खोटं सांगितलं नाही, तिच्यामुळं खरंच काही झालं नव्हतं. पण ज्या रेघेनं झालं ती कोणी ओढली, हे मी तिला सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. मी ती रेघ खरेपणासाठी ओढली असं मी स्वतःला सांगत आले. ती मी भिऊन ओढली होती, तपासणीला कोणी मला बोल लावेल म्हणून. आणि ती बाई फाटकाबाहेर गेली तेव्हा मला हलकं वाटलं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.